कृष्णधवल फूल आणि रंगाचा हट्ट

फुलांच्या कृष्णधवल छायाचित्रणावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप असा, की फूल म्हणजे रंग. रंग काढून घेतला की उरतो तो फुलाचा सांगाडा. अशा छायाचित्राला फार तर हौस म्हणावे, कारागिरी म्हणावे, पण ललितकला म्हणू नये, असे या मताचे लोक सांगतात. पुण्यात हे मत जरा जोरातच ऐकू येते, आणि त्याला कारण आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे पुष्पप्रदर्शन, दसऱ्याच्या तोंडावर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ओतले जाणारे झेंडूचे ढीग, गणपतीत वधारणारी तांबडी जास्वंद, या सगळ्यांतून या शहराची फुलांशी ओळख होते ती डोळे दिपवणाऱ्या रंगांतून. अशा गावात कुणी करड्या रंगातले फूल काचेमागे टांगले, तर बघणाऱ्याला काहीतरी हिरावून घेतल्यासारखे वाटणे समजण्यासारखे आहे. मात्र वाटणे हा काही युक्तिवाद नव्हे.

फुलाचे छायाचित्र काढताना रंग जाण्याच्या कितीतरी आधी बरेच काही गेलेले असते. वास जातो, स्पर्श जातो, ओलावा जातो, फुलाची तिसरी मिती जाते, सकाळी उमलून संध्याकाळी मिटण्याचा त्याचा दिनक्रम जातो. मोगऱ्याच्या रंगीत छायाचित्राला वास नाही म्हणून ते अपुरे आहे, अशी तक्रार आजवर कुणी केल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक मोगऱ्यात वासच प्रमुख, रंग नावापुरता. म्हणजे तक्रार काहीतरी वगळले याची नाही. जे वगळले जाण्याची सवय नाही, नेमके तेच वगळले, याची आहे. सवय बदलते. वर्तमानपत्रांत रंगीत छपाई येण्यापूर्वी पुष्पप्रदर्शनाच्या बातमीतला गुलाब काळापांढराच छापला जाई, आणि वाचक त्याला बिनतक्रार गुलाब म्हणत.

त्यातही ज्या रंगासाठी एवढा आग्रह, तो फुलाचा ‘खरा’ रंग असतो असेही नाही. फुलाने रंग धारण केला तो मुख्यतः परागवाहकांसाठी, माणसांसाठी नव्हे. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले, की मधमाशीला रंग कळतात, पण तांबडा कळत नाही. उलट माणसाला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. आपल्याला एकरंगी वाटणाऱ्या कित्येक पिवळ्या फुलांच्या मध्यभागी तिला गडद वर्तुळ दिसते, मधाकडे नेणारे. तेव्हा रंगीत छायाचित्र हे फुलाचे सत्य आणि कृष्णधवल ही त्याची काटछाट, हा भेदच टिकत नाही. दोन्हीही माणसाच्या डोळ्यासाठी केलेली भाषांतरे. त्यांपैकी एक अधिक ओळखीचे, इतकेच.

पांढऱ्या फुलांचे काय, हा प्रश्न तर आक्षेपकांनी कधी विचारात घेतलेला दिसत नाही. मराठी घरांत जीव लावून जपलेल्या फुलांची यादी करायला बसले तर जाई, जुई, मोगरा, कुंद, अनंत, तगर, निशिगंध अशी पांढरी नावेच आधी सुचतात. यांतली बरीचशी संध्याकाळनंतर उमलणारी आणि अंधारात वासावर व फिकट उजेडावर येणाऱ्या पतंगांची वाट पाहणारी. अनंताच्या फुलात वगळण्यासारखा रंग कुठला? त्याचे रंगीत छायाचित्र सावलीत काढले तर आकाशाची निळी झाक येते, बल्बच्या उजेडात काढले तर पिवळी, आणि झाडाखाली काढले तर पानांची हिरवी. हे सगळे रंग फुलाचे नाहीत, परिस्थितीचे आहेत. ते बाजूला काढले की पाकळीची वळणे, एकीवर एक चढलेले थर आणि कडांना आलेली किंचित सुरकुती समोर उभी राहते.

पांढरे फूल टिपणे हे सोपे कामही नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या प्रत्येक गोष्टीला मधला करडा मानून चालतो. अनंताने चौकट भरली की तो पांढऱ्यालाही करडा ठरवतो आणि फूल मळकट येते. म्हणून एक ते दीड स्टॉप जादा उजेड द्यावा लागतो. दोनाच्या पुढे गेले की पाकळीवरचा तपशील उडतो आणि कागदाचा कोरा पांढरा तेवढा उरतो, जो नंतर कशानेही परत आणता येत नाही. या अर्ध्या-एक स्टॉपच्या पट्टीत सगळे काम. उजेड समोरून आला तर पाकळी सपाट होते. खिडकीतून बाजूने, थोडा मागून आला तर पाकळीच्या जाडीतून झिरपतो, आणि शिरा दिसू लागतात.

दुसरा आक्षेप आहे बटणाचा. मोबाइलवर एक बोट दाबले की रंगीत चित्र काळेपांढरे होते, यात कला ती कसली? या आक्षेपातला अर्धा भाग बिनशर्त मान्य करायला हवा: बोट दाबण्यात कला नाहीच. पण बोट दाबल्यावर काय होते ते एकदा नीट पाहिले, तर उरलेल्या अर्ध्या भागाचे उत्तर तिथेच मिळते.

उदाहरणाला तांबडी जास्वंद पुरे. डोळ्याला ती हिरव्या पानांतून उठून दिसते, कारण तांबडा आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग. रंग काढून टाकला की हा विरोध संपतो, आणि पाकळी व पान हे दोघेही बहुधा जवळजवळ एकाच करड्या पातळीवर येऊन बसतात. फूल पानांत बुडते. जुन्या टेलिव्हिजन प्रसारणापासून चालत आलेल्या एका सरधोपट सूत्रात करडा ठरवताना हिरव्याला सुमारे ५९ टक्के, तांबड्याला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन दिलेले असते. असे कुठलेही ठरावीक सूत्र वापरणाऱ्या बटणाला जास्वंद आणि झेंडू सारखेच. छायाचित्रकार इथे हस्तक्षेप करतो. फिल्मच्या कॅमेऱ्यावर गडद तांबडा फिल्टर चढवला की पाकळी जवळपास पांढरी होते, पान काळवंडते, आणि फूल कागदी दिव्यासारखे आतून उजळल्यासारखे दिसते. पण पाकळीवरची नक्षी त्यात विरून जाते. हिरवा फिल्टर लावला तर नेमके उलटे: पाकळी गडद मखमली होते, रंगद्रव्याचे कमीजास्त थर आणि घशातला गडद डोळा स्पष्ट होतो, मधून बाहेर झेपावलेला पुंकेसरांचा दांडा आणि त्याच्या टोकावरचे परागकण उठून दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा तांबड्याला जवळपास आंधळ्या होत्या. त्यांच्यावर ही जास्वंद काळी ठिक्कर आली असती. डिजिटल छायाचित्रात फिल्टरऐवजी तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे स्तर हाताशी असतात, पण निवड तीच करावी लागते.

मग यांतली खरी जास्वंद कोणती? कुठलीच नाही, किंवा तिन्ही. प्रत्येक करडा कुणीतरी ठरवलेला असतो आणि तो ठरवण्यामागे फुलाबद्दल काहीतरी म्हणणे असते. रंगीत छायाचित्रात पाकळी तांबडी आहे एवढी बाब निसर्गाने आधीच ठरवून दिलेली. कृष्णधवलमध्ये तीसुद्धा छायाचित्रकाराच्या अंगावर येते. कलेत निर्णय लागतो असे मानणाऱ्यांनी कमी निर्णयांच्या माध्यमाला कला आणि जास्त निर्णयांच्या माध्यमाला हौस म्हणावे, हे उफराटे आहे.

यावर इतिहासाचा दाखला देऊन एक तिसरा मुद्दा काढला जातो: पूर्वीच्या लोकांकडे रंग नव्हता म्हणून त्यांनी काळेपांढरे काढले, आज रंग असताना ते काढणे म्हणजे नक्कल. सुरुवातीच्या काळापुरते हे खरे आहे. फॉक्स टॅल्बटने १८३९च्या सुमारास पाने-फुले संवेदनशील कागदावर ठेवून उमटवली आणि आडॉल्फ ब्राउनने १८५०च्या दशकात कापडावरच्या नक्षीकारांसाठी फुलांची शेकडो छायाचित्रे काढली, तेव्हा रंगाचा पर्याय कुणापुढेच नव्हता. पण १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम काचा बाजारात आल्या आणि हौशी मंडळींनी बागाच्या बागा रंगात टिपल्या. त्यानंतरच्या काळातली कामे पाहावीत. ऑटोक्रोमला उजेड फार लागे आणि तिच्या कागदी प्रती निघत नसत हे कबूल, पण कृष्णधवल फुलाची मोठी परंपरा त्यानंतर घडली, हे काही त्याने बदलत नाही.

इमोजेन कनिंगहॅमने १९२५ मध्ये काढलेले मॅग्नोलियाचे फूल या परंपरेतले सर्वांत परिचित. लहान मुलांमुळे घराबाहेर पडणे अवघड झाल्यावर तिने कॅमेरा बागेतल्या झाडांकडे वळवला होता. ती रसायनशास्त्र शिकलेली होती, आणि शिक्षणाचा खर्च भागवायला विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागासाठी स्लाइड्स करून देत असे. हे प्रशिक्षण त्या चित्रात दिसते. पाकळ्या चौकटीच्या चारही बाजूंनी बाहेर सांडतात आणि मधोमध पुंकेसर व स्त्रीकेसरांचा शंकू इतका नेमका येतो, की वनस्पतिशास्त्राच्या वर्गात लावावा. तरीही ते पाठ्यपुस्तकातले चित्र होत नाही, कारण नजर त्या शंकूपाशी थांबत नाही. भोवतीच्या पाकळ्यांच्या वळणांत पुन्हा पुन्हा फिरत राहते. कार्ल ब्लॉसफेल्टचा प्रकार वेगळा. तो बर्लिनमध्ये वनस्पतींवरून नक्षी घडवण्याचा विषय शिकवी. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाने विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी घरगुती कॅमेऱ्याने कळ्या, देठ, उलगडते नेचे अनेकपट मोठे करून टिपले. त्यांतल्या १२० चित्रांचे पुस्तक १९२८ मध्ये निघाले तेव्हा तो साठी ओलांडलेला होता, आणि वाल्टर बेन्यामिनसारख्या विचारवंताने त्यावर लिहिले. त्याच्या चित्रांत नेच्याचे टोक लोखंडी जाळीकामासारखे दिसते. हिरवा रंग असता तर तो नेचाच राहिला असता.

टिना मोदोत्तीचे १९२४चे गुलाबाचे छायाचित्र १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ लाख ६५ हजार डॉलरला गेले. बाजारभाव हा कलेचा पुरावा नव्हे, त्यामुळे या आकड्यावर फार विसंबू नये. रॉबर्ट मॅपलथॉर्पचा दाखला मात्र निर्णायक आहे. १९८०च्या दशकात काम करणाऱ्या या छायाचित्रकाराला हवा तो रंग उपलब्ध होता, आणि त्याने रंगीत फुले काढलीही. तरी त्याच्या कॅला लिली स्मरणात राहिल्या त्या काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या. ती निवड होती, नाइलाज नव्हता.

रंग हाती आला की चित्र आपोआप मोठे होत नाही, याचा दाखला पुण्यातच आहे. कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करवून घेण्यात आल्या, भारतीय चित्रपटातला रंगाचा हा पहिला मोठा प्रयत्न. तो फसला. प्रभातने पुढची वाट पुन्हा कृष्णधवलची धरली आणि त्या वाटेवर १९३६चा ‘संत तुकाराम’ झाला, जो व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. परतण्यामागे तांत्रिक अपयश होते, सौंदर्यदृष्टी नव्हे, हे उघड आहे. पण ‘संत तुकाराम’ रंगाअभावी उणा आहे असे म्हणणारा प्रेक्षक शोधून सापडायचा नाही. ज्या आवारात हे घडले तिथेच १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्या शहरात कृष्णधवलला मागासलेपणाचे लक्षण मानणे हे जरा विशेषच.

सर्वांत भक्कम आक्षेप मात्र एका थोर छायाचित्रकाराकडून आलेला आहे आणि त्याला हातघाईने उत्तर देऊन चालणार नाही. जयपूरला जन्मलेले रघुवीर सिंह हे रंगीत छायाचित्रणाचे भारतातले अग्रणी. १९९८च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले, की भारतीय दृष्टी मुळातच रंगाची आहे. कृष्णधवल छायाचित्रणामागे पाश्चात्य मनाची विषण्णता, एकाकीपण आणि मृत्यूची जाणीव आहे, भारतीय कलावंताला ती परकी. छायाचित्रणाचा शोध भारतात लागला असता तर रंगाबद्दलचा संकोच निर्माणच झाला नसता, असा त्यांचा दावा. फुलांच्या बाबतीत हा युक्तिवाद आणखी धारदार होतो: देवाला वाहिलेले फूल कुणी काळेपांढरे का पाहावे?

सिंह यांची रंगीत छायाचित्रे अजोड आहेत, यात वाद नाही. वाद आहे तो त्यांनी स्वतःच्या स्वभावाला देशाचा स्वभाव ठरवले याच्याशी. मोगल दरबारातल्या चित्रकारांची नीमकलम शैली रंग जवळजवळ टाळून शाईच्या छटांवर उभी होती. त्यामागे युरोपीय छापचित्रांचा काही प्रभाव होता हे खरे, पण ती उचलणारे आणि आपलीशी करणारे हात इथलेच होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी वारली घराच्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने जे रेखले जाते, ते एका रंगाचे. सारवलेल्या अंगणात ठिपके जोडून काढलेले रांगोळीचे कमळ, त्यात हळदकुंकू पडण्यापूर्वीच, पुरते कमळ असते. हेमाडपंती देवळांच्या छतांवर दगडात कोरलेली कमळे शतकानुशतके काळ्या-करड्या कातळाच्या रंगात उभी आहेत, आणि तिथे कुणाला मृत्यूची जाणीव होत असल्याचे दिसत नाही. गावोगावच्या भिंती आणि अंगणे कृष्णधवल फिल्मवर टिपणारे बडोद्याचे ज्योती भट्ट हे या मातीतलेच. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’तला निसर्ग तर पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांतूनच पिढ्यान् पिढ्या वाचकांपर्यंत पोचला.

‘छायाचित्र ही यंत्राची नक्कल, कला नव्हे’ हा फ्रेंच कवी बोदलेरने १८५९ मध्ये गाजवलेला मुद्दा आता फक्त वादासाठी वाद म्हणून उरला आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याने कलाकृतीच्या व्याख्येत चित्र, शिल्प आणि रेखाटन यांच्याबरोबर छायाचित्राचे नाव घेतले, आणि त्यात कलागुण असोत वा नसोत असे वर जोडले. २०१२च्या दुरुस्तीने छायाचित्रकाराचे हक्कही चित्रकाराप्रमाणे हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षे असे केले. कायदा सौंदर्य ठरवत नाही, पण दर्जाचा प्रश्न माध्यमावरून नव्हे तर कृतीवरून ठरवायचा, एवढे त्याने सुचवले आहे.

आता कृतीकडे. कृष्णधवल फुलांची म्हणून जी छायाचित्रे मांडली जातात त्यांतली बहुसंख्य वाईट असतात, हे या पक्षाने आधी सांगून टाकावे. काळा कापडी पडदा, त्यापुढे एक गुलाब, त्यावर ग्लिसरीन मिसळून फवारलेले खोटे दवबिंदू आणि कडा मुद्दाम अंधारलेल्या: हा साचा आता इतका झिजला आहे की त्यात फुलाऐवजी साचाच दिसतो. सगळे चित्र करडे ठेवून एकच पाकळी तांबडी राखण्याची युक्ती तर लग्नाच्या अल्बमलाच शोभते. आंतरराष्ट्रीय छायाचित्र स्पर्धांच्या नियमांतही अशा अर्धवट रंगवलेल्या चित्राला कृष्णधवल विभागात प्रवेश नाही, आणि ते योग्यच.

काही फुलांचा तर नादच सोडावा. पारिजातकाचा सगळा खेळ पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देठ यांच्यात आहे. तो देठ करडा केला की झाडाखालचा सडा कागदाच्या कपट्यांसारखा दिसतो. रानफुलांची ओळख पटवण्यासाठीही कृष्णधवल निरुपयोगी. श्रीकांत इंगळहळीकरांचे सह्याद्रीतील फुलांवरचे पुस्तक रंगीत आहे आणि तसेच असायला हवे. कासच्या पठारावर उभ्या माणसाला निळे कोणते आणि जांभळे कोणते, हे कळलेच पाहिजे. ओळख हे एक काम, पाहणे हे दुसरे. पहिल्या कामाच्या फूटपट्टीने दुसरे मोजायचे नाही, एवढेच म्हणणे. रंग काढल्यावर ज्या चित्रातून काहीच गेले नाही किंवा सगळेच गेले, ते कृष्णधवल म्हणून फसले. ज्यात रंगाखाली दडलेले काहीतरी वर आले, ते जमले.

हा निवाडा पडद्यावर करता येत नाही. मोबाइलच्या काचेवर काळा हा प्रकाशाचा अभाव असतो. प्रिंटवर तो शाईचा किंवा चांदीचा थर असतो, आणि त्याच्या खोलीवरच चित्र उभे राहते. डार्करूममध्ये एनलार्जरखाली पाकळीच्या टोकाला दोन-तीन सेकंद जादा उजेड देणे, सावलीवर हाताचा आडोसा धरणे, डेव्हलपरमधून हायपोत जाईपर्यंत करडा कुठवर चढू द्यायचा हे ठरवणे, हा या कलेचा निम्मा भाग. सुती कागदावर पिगमेंट शाईने काढलेल्या डिजिटल प्रिंटलाही हाच विचार लागतो. चकचकीत कागदावर घाईने छापून फ्रेमच्या काचेत ट्यूबलाइटची प्रतिबिंबे टांगली, तर प्रेक्षकाने रंग मागितल्याबद्दल त्याला दोष कसा द्यावा?

म्हणून पुण्यातल्या कलादालनांनी आणि छायाचित्र संस्थांनी फुलांच्या कृष्णधवल चित्रांची निवड संगणकावर न करता प्रिंट हातात घेऊन करावी. प्रत्येक चित्राखाली फुलाचे मराठी नाव, कागदाचा प्रकार, छपाईची पद्धत आणि एकूण किती प्रती काढल्या ती संख्या लिहावी, आणि उजेड बाजूने पडेल अशी मांडणी करावी. आक्षेपकांनी अशा भिंतीसमोर उभे राहून मग आपले मत पुन्हा मांडावे.